सातव्या खळाळाचा धनी

उझित्से गावाच्या बॉयलर-घरात नवा माणूस कामाला लागला, की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून एक काम करून घेतलं जाई. जुने लोक त्याला बाजूला घेऊन सांगत, "तिहोमिरला विचार, स्प्लावार नावाचा गेम ओब्रादने लिहिला होता ना?" नवा माणूस भोळेपणाने विचारी. तिहोमिर लुकोविच हातातला कायमाकची घट्ट साय लावलेला पाव खाली ठेवी आणि बोलायला लागे. पाव वाळे, कॉफी गार होई, पाण्याच्या दाबाचा काटा लाल पट्टीकडे सरके, तरी तो बोलतच राही. मागे उभे असलेले लोक तोंडावर हात धरून हसत. नवा माणूस शेवटी म्हणे, "असेल हो. पण आमच्या घरच्या कॅसेटवर तर ओब्रादचंच नाव होतं."

एवढं ऐकलं की तिहोमिर उठून जाई.

तो गावाला ऊब पुरवायचं काम करी. हिवाळ्यात जेतिन्या नदीच्या दोन्ही काठांवरच्या इमारतींत जे गरम पाणी फिरतं, त्याच्या झडपा त्याच्या हातात होत्या. पण त्याला ऊब पुरवणारा म्हणून कुणी ओळखत नसे. खोली गार राहिली तरच लोकांना त्याची आठवण येई, आणि ती शिव्यांसकट येई. बायको देसांका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मुलगी ऑस्ट्रियात गेली ती तिकडचीच झाली. अशा माणसाला जगात स्वतःचं म्हणावं असं काय असतं? तिहोमिरकडे एक गोष्ट होती. सतरा वर्षांचा असताना त्याने एक गेम लिहिला होता, आणि तो अख्ख्या देशातली पोरं खेळली होती. फक्त तो त्याने लिहिलाय हे कुणाला माहीत नव्हतं.

त्या वेळी देशात व्राबात्स नावाचा घरगुती कॉम्प्युटर निघाला होता. व्राबात्स म्हणजे चिमणा, आणि तो होताही तेवढाच. मोहरीच्या रंगाचं प्लास्टिकचं खोकं, रबरी बटणं, आत चिमणीच्या मेंदूएवढी मेमरी. तयार मिळत नसे. खोकं आणि सर्किटची पाटी इथली, चिप बाहेरच्या. बाहेरून काही आणायचं तर कस्टमवाले पिशव्या उपसत. म्हणून ज्याची त्याची आई, मावशी, आत्या सीमेपलीकडे त्रिएस्तेला जीन्स आणायला जाई आणि येताना चिप घेऊन येई. तिहोमिरच्या आईने त्या पावाच्या मऊ गाभ्यात खुपसून आणल्या होत्या. सीमेवरच्या पोलिसाने पाव हातात घेऊन दाबून पाहिला आणि शिळा आहे म्हणून परत दिला. त्या पावातून निघालेल्या चिपांना नंतर कित्येक दिवस यीस्टचा वास येई, असं तिहोमिर सांगे. आणि हे मात्र बॉयलर-घरातले लोकही खरं मानत.

प्रोग्रॅम दुकानात मिळत नसत, रेडिओवर मिळत. शनिवारी दुपारी निवेदक म्हणे, मंडळी, टेपरेकॉर्डर तयार ठेवा. मग काही मिनिटं रेडिओतून कर्कश किंकाळी ऐकू येई. म्हाताऱ्या बायका देवाचं नाव घेत आवाज कमी करायला धावत आणि नातवंडं त्यांच्या हातातून बटण ओढत. ती किंकाळी म्हणजेच प्रोग्रॅम. ती कॅसेटवर भरून घ्यायची आणि व्राबात्सला ऐकवायची. मध्येच शेजाऱ्याने मिक्सर लावला तर गेला अख्खा आठवडा वाया.

तिहोमिरचा स्प्लावार असाच एका शनिवारी हवेतून गावोगाव गेला. स्प्लावार म्हणजे तराफेवाला. द्रिना नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणारा माणूस एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत सात खळाळ पार करतो, आणि शेवटी नदीच्या मधोमध खडकावर असलेल्या घराशी पोचतो. तिथे घराच्या धुराड्यातून धूर निघतो आणि एक धून वाजते. ती धून तिहोमिरने स्वतः बसवली होती. पहिल्या पडद्यावर, खाली, बारीक अक्षरांत त्याचं नाव होतं.

पुढच्याच आठवड्यात तो सैन्यात भरती झाला. त्या काळी सगळ्यांनाच एक वर्ष जावं लागे.

परत आला तेव्हा गल्लीतली पोरं ती धून शिट्टीवर वाजवत होती. तिहोमिर पिशवी खांद्यावर घेऊन तिथेच थांबला. एवढ्या पोरांनी सातही खळाळ पार केले म्हणायचे! आयुष्यात एवढा आनंद त्याला त्याआधी झाला नव्हता, आणि नंतर तर नाहीच. मग एका शेजाऱ्याच्या घरी त्याने टीव्हीवर तो गेम चालू होताना पाहिला. पडदाभर मोठ्या, लुकलुकणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ओब्राद सॉफ्ट". खालचं बारीक नाव नव्हतं.

ओब्राद शुल्यागिच शाळेत त्याच्या दोन वर्षं पुढे होता. नदीकाठच्या बाजारात त्याचा कॅसेटींचा गाळा होता. दोन टेपरेकॉर्डर तारेने जोडून तो रेडिओवरचे गेम उतरवी, प्रत्येकावर स्वतःचं नाव ठोकी आणि विकी. तेव्हा सगळेच गाळेवाले हे करत. गुरांना डाग देतात तसा गेमला डाग. त्यात कुणाला चोरी वाटत नसे, कारण चोरी करायला आधी मालक असावा लागतो, आणि गेमला मालक असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. तिहोमिरने भर बाजारात ओब्रादच्या थोबाडीत मारली. ओब्राद गाल चोळत हसला आणि म्हणाला, "एक घेऊन जा भावा, फुकट. तुझाच आहे." तिहोमिरने ती कॅसेट त्याच्यादेखत नदीत फेकली.

पुढे देश फुटला. व्राबात्स माळ्यावर गेले, चिपा पाठवणारी माणसं सीमांच्या पलीकडे राहिली. कोण कुठे मेलं याच्या बातम्या येण्याच्या काळात गेमची आठवण कुणाला? आठवण आली ती फार उशिरा, पोटं सुटल्यावर, केस गेल्यावर. पन्नाशीचे बाप्ये माळ्यावरून मोहरी रंगाची खोकी खाली काढून पुसायला लागले. आणि मग गावातल्या रेल्याने ठरवलं, की लहानसा व्राबात्स काढायचा.

रेल्या चाळिशी ओलांडलेला होता, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानावर त्याची वर्कशॉप होती. त्याचा व्राबात्स सिगारेटच्या पाकिटापेक्षा जरा मोठा. रंग तोच, रबरी बटणंही तशीच, पण बहुतेक नुसती शोभेची; खेळायला वेगळा रिमोट. टीव्हीला जोडला की आत भरलेले जुने गेम सुरू. किंकाळी नाही, कॅसेट नाही, वाट पाहणं नाही. रेल्याने आतल्या गेमची नावं इंटरनेटवर टाकली. सर्वांत वर स्प्लावार. लेखक, ओब्राद शुल्यागिच.

हे तिहोमिरला बॉयलर-घरातल्याच एकाने फोनवर दाखवलं. दाखवताना चार जणांना बरोबर घेऊन आला होता, म्हणजे चेहरा सगळ्यांना पाहता यावा.

दुसऱ्या दिवशी तिहोमिर रेल्याच्या दारात उभा. रेल्याने त्याला बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, राग मानू नका. स्प्लावार मीच लिहिला म्हणत येणारे तुम्ही तिसरे. एक तर सत्याहत्तर साली जन्मलेला, म्हणजे गेम आला तेव्हा सहा-सात वर्षांचा निघाला. आम्ही कॅसेटवर जे नाव आहे ते घातलं. दुसरं काय करणार?"

"कॅसेटवरचं नाव चोराचं आहे."

"मग चोरालाच घेऊन या," रेल्या म्हणाला. "ओब्रादकाकांनी तोंडाने सांगितलं, तर लगेच बदलतो."

तिहोमिर त्याच पावली बाजारात गेला. ओब्रादचा गाळा अजून तिथेच होता. आता तो मोबाईलची कव्हरं विकी. साखरेच्या आजारात त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला होता आणि तो चाकाच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना काठीने कव्हरं काढून देई. तिहोमिरला पाहून त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली.

तिहोमिर जे बोलला ते आजूबाजूच्या तीन गाळ्यांनी ऐकलं. चाळीस वर्षं चोरीच्या नावावर मिरवलास, पाय गेला तरी खोड गेली नाही, असं तो बोलला. पायाचं बोलायला नको होतं हे त्यालाही कळलं असावं, पण थांबला नाही.

ओब्रादने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, मी कुठे गेलो होतो मिरवायला? त्या पोराने फोन केला, तुमचा गेम घेतोय म्हणाला. मी म्हटलं घे. मग नातीचा फोन आला नोवी सादहून. दोन वर्षांत पहिला. आजोबा, तुमचं नाव आलंय म्हणाली. त्या पोराच्या व्राबात्सच्या कार्यक्रमाला येणार आहे. एवढं सांगून त्याने खुर्चीखालची पिशवी वर काढली आणि आतला नवा, घडी न मोडलेला शर्ट दाखवला. दाखवण्यासारखा शर्ट नव्हता. साधा पांढरा.

"नातीला सांग, आजोबा चोर आहे," तिहोमिर म्हणाला.

शेजारच्या भाजीवालीने "शी!" म्हटलं. ओब्रादने शर्ट पिशवीत घातला.

"सांगतो. रेल्यालाही सांगतो. गेम तुझा आहे, मी कधी नाही म्हटलं? पण तिहोमिर, एक ऐक. आहे तसा राहू दे तो गेम. हवं तर नाव तुझं घाल, पण गेम माझ्या कॅसेटवरचाच राहू दे. तुझ्या भल्याचं सांगतोय."

तिहोमिरला हसू आलं. चोर जाता जाताही पायरीची वीट काढून नेतो, असं त्याला वाटलं. त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ओब्रादने सांगितलं असतं. तो सांगायलाच बसला होता.

शनिवारी रेल्याची जुन्या व्राबात्सची शौकीन मंडळी खानावळीत जमायची. तिथे ओब्राद खुर्चीतून आला, दोघांनी त्याला पायऱ्यांवरून उचलून आत घेतलं. त्याने सगळ्यांसमोर दोन वाक्यांत सांगितलं, की स्प्लावार तिहोमिरने लिहिला, मी फक्त नाव लावलं. मंडळींनी ग्लास खाली ठेवले. काही जणांनी लहानपणापासून ओब्रादला हीरो मानलं होतं. एक जण म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चोराच्या नावाने ग्लास उचलला?" सगळे हसले. ओब्रादही हसायला गेला, पण ते हसणं त्याच्यावरच होतं, तेव्हा थांबला.

इथे थांबला असता तर तिहोमिर जिंकला होता. नाव बदलणार होतं. पण भुकेल्या माणसाच्या पुढे ताट आलं की तो शेजारच्याचाही पाव ओढतो. तिहोमिर उभा राहिला. नुसतं नाव नको म्हणाला. गेमही माझाच हवा, रेडिओवर गेला तसा. रेल्याकडे तो होता. रेडिओच्या एका निवृत्त तंत्रज्ञाने त्या शनिवारचं टेपचं चक्र तळघरात जपून ठेवलं होतं आणि रेल्याने ते हौसेने उतरवून घेतलं होतं.

"याने माझ्या प्रोग्रॅममध्ये काय काय घुसडलंय देव जाणे," तिहोमिर म्हणाला. "त्यात चोराचा एकही आकडा नको. इथे सगळ्यांसमोर कबूल करा."

"रेल्या, बाळा," ओब्राद म्हणाला, "घालण्याआधी एकदा शेवटपर्यंत खेळून बघा."

रेल्या म्हणाला की वेळ कुठे आहे, खोकी छापून झालीत, आतला माल पुढच्या आठवड्यात भरायचाय. आणि लेखक स्वतः समोर बसलेत. "काका, गेम शेवटपर्यंत चालतो ना?"

"मी लिहिलाय," तिहोमिर म्हणाला. "शेवट मी कितीदा पाहिलाय."

हे खरं होतं. त्याने तो पाहिला होता.

सगळ्यांनी प्लमच्या दारूचे, राकियाचे ग्लास उचलले आणि कबूल केलं. एकही आकडा नाही. ओब्रादने ग्लास उचलला नाही, साखर, म्हणाला. त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवायला या वेळी जरा उशीर लागला, कारण उचलणारे दोघे पीत होते.

कार्यक्रम सांस्कृतिक भवनात झाला, रविवारी दुपारी. मोठ्या पडद्यावर छोटा व्राबात्स जोडला होता. तिहोमिर पहिल्या रांगेत, लग्नाच्या वेळचा सूट घालून. देसांकाने केस सेट करून घेतले होते. बॉयलर-घरातले सगळे आले होते, ज्यांना गेमशी देणंघेणं नव्हतं तेही. गावात नाही तरी रविवारी दुसरं काय असतं? मागच्या दाराशी ओब्रादची खुर्ची होती. अंगात पांढरा शर्ट होता. नात आली नव्हती.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर, खाली, बारीक अक्षरांत नाव आलं. तिहोमिर लुकोविच. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. तिहोमिर उभा राहून मागे वळला. त्याला दारापर्यंत पाहायचं होतं, आणि त्याने पाहिलं. ओब्रादही टाळ्या वाजवत होता.

मग रेल्याने पैज लावली. जो कुणी पहिल्यांदा खडकावरच्या घरापर्यंत जाईल, त्याला राकियाची बाटली. टक्कल पडलेले, चष्मा लावलेले लोक शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहिले. एक दात काढणारा डॉक्टर, एक ट्रकवाला, एक पाद्री. बोटांना सगळं आठवत होतं. पहिला खळाळ, दुसरा, तिसरा. लोक ओरडून सांगत, डावीकडे, आता थांब, आता मार. ट्रकवाला सातव्यापर्यंत पोचला. सातवा खळाळ सुंदर होता; वरून धबधबा पडतो आणि तराफेवाला त्याखालच्या पहिल्या ओंडक्यावर उभा असतो. ट्रकवाल्याने उडी मारली. डुबुक्.

पुन्हा मारली. डुबुक्.

"वय झालं तुझं," कुणीतरी म्हणालं. पाद्री आला, तोही सातव्यात बुडाला. डॉक्टर बुडाला. हळूहळू हसणं कमी झालं. ट्रकवाला पडद्याजवळ जाऊन पाहू लागला. "अरे, हा मी सहावीत असताना डोळे मिटून पार करायचो. इथून उडी पोचतच नाही."

रेल्या माईकवर म्हणाला, "मग बोलवा लेखकालाच."

तिहोमिर वर गेला. त्याचे हात जाड झाले होते, झडपा फिरवून फिरवून. पहिल्या खळाळात दोनदा पडला, लोकांनी समजून घेतलं. मग हात बसला. सहावा पार झाला तेव्हा भवनात पुन्हा टाळ्या झाल्या. सातवा आला. धबधबा हळूहळू, ओळीओळीने रंगला, तसा तो तेव्हाही हळूच रंगायचा. तराफेवाला पहिल्या ओंडक्यावर उभा राहिला. तिहोमिरने बटण दाबलं.

डुबुक्.

पुन्हा दाबलं. एकदा टोकावरून, एकदा धावत येऊन, एकदा नुसतं रागाने. मग त्याने रिमोट खाली घेतला आणि पडद्यावरच्या पाण्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या चौकोनांत मोजली तर उडी चार घरांची, हे त्यानेच ठरवलं होतं. पहिल्या आणि दुसऱ्या ओंडक्यात पाणी होतं पाच घरांचं.

त्याला कळलं ते तिथे, दिव्यात, सगळ्यांसमोर. तो धबधबा रंगायला फार वेळ लागे. सतरा वर्षांच्या तिहोमिरला तेवढा धीर नव्हता. तपासताना तो प्रोग्रॅमला सांगे, सातव्या खळाळात सोड, आणि धबधब्याखाली नको, थेट दुसऱ्या ओंडक्यावर सोड. तिथून पुढचं त्याने शंभरदा तपासलं होतं. घर पाहिलं होतं, धूर पाहिला होता, धून ऐकली होती. पहिल्या ओंडक्यावरून दुसऱ्यावर मात्र त्याने एकदाही उडी मारली नव्हती.

"ओब्रादकाका," रेल्या माईकवर म्हणाला. त्याचा आवाज घाबरलेला होता, कारण माल भरून झाला होता आणि खोकी गाडीत चढली होती. "आम्ही सगळ्यांनी हा पार केलाय हो. मग हे काय?"

माणसं मागे वळली. ओब्रादला माईक लागला नाही.

"पार केलात, कारण मी तो ओंडका एक घर अलीकडे आणला होता. रेडिओवरचा उतरवून विकला, तर पोरं आठवड्यात परत आली. कॅसेटी माझ्या तोंडावर फेकत होती. म्हणाली, सातवा पारच होत नाही, पैसे परत दे. चार रात्री बसलो. एक आकडा बदलायचा होता, पाचाचा चार. पण तो कुठे आहे हे शोधायला लागलं ना."

"मग सांगा ना तो. आत्ता, इथेच घालतो."

ओब्रादने काठीने मांडीवरची चादर सारखी केली.

"चोराचा एकही आकडा नको, असं ठरलंय, बाळा. तुझ्यासमोर ठरलं. तूही ग्लास उचललास."

मग बॉयलर-घरातल्या लोकांमधून एक जण हसला, आणि ते हसू रांगांवरून असं पुढे आलं, की पाणी फुटून यावं. ट्रकवाला डोळे पुसत होता. पाद्री तोंड लपवत होता. कुणी म्हणालं, तिहोमिर, पोहत जा! कुणी म्हणालं, त्यापेक्षा झडप बंद कर, पाणी थांबेल. देसांका सेट केलेल्या केसांनी ताठ बसून राहिली. तिहोमिर रिमोट घेऊन उभा होता आणि त्याच्या मागे, पडद्यावर, त्याचा माणूस धबधब्याखाली उभा होता, हाताची घडी घालून, वाट पाहत. कुणी बटण दाबलं नाही तर तो तसाच उभा राही. तेवढं मात्र त्याने नीट लिहिलं होतं.

बाटली कुणालाच मिळाली नाही. खुर्च्या उचलणारे आले, तेव्हा कुणीतरी ती ओब्रादच्या मांडीवर ठेवली. साखरेचा माणूस, पिणार कुठे? तरी घेऊन गेला.

माल परत मागवणं रेल्याला परवडणारं नव्हतं. पण व्राबात्स इंटरनेटला जोडून आतले गेम दुरुस्त करता येत. दोन दिवसांनी तो तिहोमिरच्या घरी आला. केकचं खोकं घेऊन आला होता. आकडा सापडला आहे म्हणाला, जुन्या कॅसेटमध्येच होता, घरोघरी आहेत त्या. घालायला एक मिनिट. फक्त काका, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, तर तुमची परवानगी हवी. आणि पडद्यावर तुमच्या नावाखाली एक ओळ टाकू. सातवा खळाळ, ओब्राद शुल्यागिच.

तिहोमिर खिडकीशी उभा होता. "नाही," म्हणाला.

रेल्याने समजावलं. पोरं नावं ठेवतील, लोक शिव्या देतील, गेम म्हणून त्याला काही किंमत राहणार नाही. देसांका आतून हात पुसत आली. "अरे, एका ओळीने तुझं काय जातंय?"

"आज एक ओळ, उद्या अख्खी नदी."

"नदी तर त्याच्याकडेच आहे," देसांका म्हणाली. "तुझ्याकडे एक ओंडका आहे."

रेल्या केक ठेवून गेला.

व्राबात्स चांगला खपला. बेलग्रेडात, साराएवोत, झाग्रेबात, जुन्या देशाच्या सगळ्या तुकड्यांत. स्प्लावार त्यात आहे, बारीक अक्षरांत तिहोमिरचं नाव आहे, आणि गेम पार होत नाही. ज्यांना हौस आहे ते ओब्रादचा आकडा स्वतः घालून घेतात. तो आता गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. एखाद्याचं काम शेवटच्या पायरीवर फसलं, बस डोळ्यांदेखत सुटली, मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी नाही म्हणाली, की उझित्सेत म्हणतात, लुकोविच झाला बिचाऱ्याचा. लहान मुलंही म्हणतात. त्यातल्या बऱ्याचजणांना हे कुणाचं नाव आहे ते ठाऊक नाही.

ओब्राद त्याच हिवाळ्यात गेला. रिवाजाप्रमाणे विजेच्या खांबांवर त्याच्या मृत्यूचे कागद लागले, आणि कुणीतरी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेनने चाराचा आकडा काढला. तिहोमिर बॉयलर-घराकडे जाताना त्या खांबांजवळून जाई. एका सकाळी एक कागद फाटलेला दिसला. कुणी फाडला ते सगळ्यांना कळलं. त्याच्या जागी संध्याकाळपर्यंत दोन लागले.

रविवारी जेवणाआधी तिहोमिर छोटा व्राबात्स टीव्हीला जोडतो. सहा खळाळ आता त्याला सहज पार होतात. सातव्यात पोचला की तो रिमोट मांडीवर ठेवतो आणि बसून राहतो. परवा देसांकाने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. मग सुपाचं भांडं टेबलावर ठेवून ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"उडी मारणार आहेस का नाही? सूप गार होतंय."

"मारली तर बुडतो."

"आणि नाही मारली तर?"

"उभा राहतो."

देसांकाने त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला, रिमोट उचलला आणि बटण दाबलं. डुबुक् झालं.

"झालं," ती म्हणाली. "चल जेवायला."